गाणं पाठ, पिक्चर सपाट

चाळीस ते पंचावन्न वयाची दहा मराठी माणसं टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये बसवून कुठेही न्या. खोपोली मागे पडली, चिवड्याचा डबा पुढून मागे भरलेला गेला आणि मागून पुढे रिकामा आला, की अंताक्षरी सुरू झालीच म्हणून समजा. अंताक्षरीत 'घ' हे अक्षर फार वाईट. घुंगट, घुंगरू आणि घटा हे तीन आधार सुटले की समोरचा गट मोठ्याने आकडे मोजायला लागतो. पण १९९६ सालापासून या अक्षराची भीती गेली आहे. कारण तेव्हा 'घर से निकलते ही' आलं.

हे गाणं सुरू झालं की गट वगैरे राहत नाहीत. दोन्ही बाजू एकदम गातात. सोसायटीच्या सभेत ज्यांनी आजवर 'अनुमोदन' याखेरीज शब्द उच्चारलेला नाही असे गृहस्थ डोळे मिटून, मान तिरकी करून अंतरा उचलतात. त्यांच्या सौभाग्यवती खिडकीबाहेर बघत हसतात. हे गाणं आपल्याला उद्देशून नाही हे त्यांना लग्नाआधीपासून माहीत असतं. ड्रायव्हरही आरशातून सूर मिळवतो. मुखडा, अंतरा, मधली ती शीळ घालण्याजोगी धून, सगळं अगदी तोंडपाठ. टाळ्या होतात. आणि मग कुणीतरी, सहसा एखादा भाचा किंवा जावई, निष्पापपणे विचारतो, "पिक्चर कुठला हो?"

गाडीत फक्त एसीचा आवाज उरतो.

एक म्हणतो 'आशिकी'. दुसरा म्हणतो छे, तो नाही का, अक्षय कुमारचा, त्यात ती ही होती. तिसऱ्याला खरोखर नाव माहीत असतं. तो म्हणतो, "पापा कहते है." यावर सगळे मिळून त्याला वेड्यात काढतात. "अरे, ते गाणं वेगळं! ते आमिर खानचं, गिटार घेऊन म्हणतो ते." "हो, पण या पिक्चरचं नावही तेच आहे." "असं कसं असेल?" "पण आहे." "तू पाहिलायस?" "नाही." विषय संपला. न पाहिलेल्या गोष्टीवर ठाम राहायला मराठी माणूस भीत नाही, पण इथे समोरच्यांनीही पाहिलेला नसतो, त्यामुळे भांडणाला रंग चढत नाही.

तो तिसरा बिचारा बरोबर असतो. १९८८ साली 'कयामत से कयामत तक' आला. त्यातलं 'पापा कहते हैं' मजरूह सुलतानपुरींनी लिहिलं, आनंद-मिलिंद यांनी त्याला चाल दिली आणि उदित नारायण यांनी गायलं. त्या गाण्यासाठी उदितना फिल्मफेअर मिळालं. आठ वर्षांनी महेश भट्टांनी एक चित्रपट केला आणि नाव ठेवलं ते या गाजलेल्या गाण्याचं. हिंदी सिनेमात जुन्या गाण्याचं नाव नव्या पिक्चरला देणं ही जुनी रीत आहे, त्यात गैर काही नाही. पण मग हिशेब असा झाला, की 'पापा कहते है' या पिक्चरमध्ये 'पापा कहते हैं' हे गाणं नाही. जे गाणं आहे तेही उदित नारायणच गातात. कॅसेटच्या दुकानात जाऊन "उदितचं ते, 'पापा कहते है'मधलं" असं कुणी म्हटलं, की काउंटरवरचा मुलगा हमखास आमिर खान काढून द्यायचा.

त्या जुन्या गाण्यात पापा काय म्हणतात हा प्रश्न होता. या पिक्चरमध्ये पापा आहेत कुठे, इथूनच सुरुवात होती. पण त्याकडे नंतर येऊ. आधी कॅसेट.

नव्वदच्या दशकात हिंदी पिक्चरची गाणी पिक्चरच्या आधी यायची. काही आठवडे तरी आधी, कधीकधी महिने. छायागीत, चित्रहार, रविवारची रंगोली, डीडी मेट्रोवरचा सुपरहिट मुकाबला, पानटपरी, शेअर रिक्षा अशा सगळ्या वाटांनी गाणं घरात शिरायचं. पिक्चर पोचायच्या आत गाण्याचं घरातल्यांशी सूत जमलेलं असायचं. शिवाय कॅसेट भरून देणारी दुकानं होती. आज त्यांना चाचेगिरीचे अड्डे म्हणतील. तेव्हा ती आमची संस्कृती होती. दुकानाच्या फळीवर कोऱ्या कॅसेटी रचलेल्या. गिऱ्हाईक वहीचा कागद पुढे करायचं, त्यावर गाण्यांची यादी, प्रत्येकापुढे पिक्चरचं नाव, काही ठिकाणी प्रश्नचिन्ह. दुकानदार यादीवरून नजर फिरवत एकच प्रश्न विचारायचा, "साठाची का नव्वदाची?" मग यादी खिळ्याला टोचून म्हणायचा, "परवा या." परवा गेलं की कॅसेट तयार. पुठ्ठ्यावर निळ्या शाईत बारीक अक्षरात गाण्यांची नावं, त्यातली निम्मी त्याच्या स्वतःच्या शुद्धलेखनात. साइड ए संपताना शेवटचं गाणं हमखास ऐन रंगात तुटायचं, कारण फीत संपलेली असायची. माझ्या पिढीतल्या कित्येकांना आजही काही गाणी विशिष्ट ओळीपर्यंतच पाठ आहेत, ती यामुळे.

त्या वर्षी या दुकानांत एक नवी मागणी निघाली. संबंध साइडभर एकच गाणं. साठ मिनिटांची कॅसेट, अर्धा तास एका बाजूला 'घर से निकलते ही', पुन्हा 'घर से निकलते ही', पुन्हा तेच. दुकानदार डोळे वर करून गिऱ्हाइकाकडे बघायचा. गिऱ्हाईक चपलेकडे बघायचं. प्रकरण कोणत्या गल्लीतलं आहे एवढंच दुकानदाराला ओळखायचं असायचं, आणि बहुतेक वेळा तो ओळखायचा.

कारण गाण्याचा सगळा भूगोल एका गल्लीत मावतो. एक आपलं घर, एक तिचं घर आणि मधला चालत जाण्याएवढा रस्ता. एवढंच. विमान नाही, पर्वत नाही, ट्यूलिपची शेतं नाहीत. जावेद अख्तरांनी लिहिताना कोणता रस्ता डोळ्यांसमोर ठेवला असेल तो असो, पण तो औरंगाबादच्या गुलमंडीत आहे, सांगलीच्या गावभागात आहे आणि डोंबिवली पूर्वेला तर तसे शेकड्याने आहेत. प्रत्येक मुलाला असा एक रस्ता होता. क्लासला जायला तो लांबचा पडायचा, तरी क्लास त्याच रस्त्याने लागायचा. घरी एरवी काडी इकडची तिकडे न करणारी मुलं त्या काळात दळण आणायला, पिको-फॉल द्यायला, लाइटचं बिल भरायला स्वतःहून निघायची, बशर्ते गिरणी, टेलर आणि वीज मंडळाचं ऑफिस त्या रस्त्यावर असावं. नसलं तरी चालायचं, रस्ता वळवता येतो.

आणि राजेश रोशन यांची चाल! संगीतकार रोशन यांचा हा मुलगा १९७५च्या 'ज्यूली'पासून अशा गोड, गोल, कुठेही न टोचणाऱ्या चाली बांधत आलेला. एक वर्ष आधी 'करण अर्जुन'मध्ये त्याने पडद्यावरच्या मारामारीला पुरेल एवढा दणका दिला होता. इथे मात्र चाल पायी चालण्याच्या वेगाची आहे. धावणाऱ्या माणसाला हे गाणं म्हणता येत नाही, सायकलवर टांग मारलेल्यालाही नाही, सायकल हातात धरून चालणाऱ्यालाच येतं. उदित नारायण गाताना हसतात आणि ते हसू ऐकू येतं. हा आवाज बेकार आहे, बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तरी त्याचं सगळं छान चाललंय, असं ऐकणाऱ्याला वाटायचं. ऐकणाऱ्याचीही परिस्थिती साधारण तशीच असायची, फक्त छान चाललेलं नसायचं.

सांगायचा मुद्दा हा, की पिक्चर थिएटरात लागायच्या आधीच लोकांनी आपापला पिक्चर काढून ठेवला होता. नायक स्वतः. नायिका ठरलेली. लोकेशन समोरच. खलनायक म्हणजे तिचा भाऊ, जो कॅरम चांगला खेळायचा. आणि मग अधिकृत पिक्चर आला.

अधिकृत पिक्चरमध्ये आजोळी वाढलेली एक मुलगी आहे. तिला कळतं की आपले वडील जिवंत आहेत आणि ते सेशेल्सला असतात. ती त्यांच्या शोधात निघते. तिथे तिला नायक भेटतो.

इथेच प्रेक्षकाचं आणि पिक्चरचं फाटलं असावं असं माझं मत आहे. ज्या माणसाने तिकीट काढलं तो चार घरं ओलांडून जाण्याच्या तयारीने आला होता. त्याला नेलं मुंबईपासून तीन हजार किलोमीटरहून लांब, विषुववृत्ताच्या पलीकडे, हिंदी महासागराच्या मधोमध. सेशेल्स म्हणजे शंभराहून जास्त बेटं आणि सगळ्यांची मिळून लोकसंख्या तेव्हा आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. निसर्ग सुंदर आहे, पाणी निळंशार आहे, वादच नाही. पण एवढ्याशा वस्तीत वडील हुडकायला मुलीला अख्खा पिक्चर का लागावा? आपल्याकडच्या कुठल्याही गावात एसटी स्टँडवरच्या चहावाल्याला विचारलं असतं तर त्याने पहिल्या रिळात पत्ता सांगितला असता, वर वडिलांची उधारीही सांगितली असती.

(जाता जाता: सेशेल्सशी आपला संबंध तसा फार जुना आहे. जगातलं सगळ्यात मोठं बी असलेला तो जोडनारळ, दर्याई नारळ, तिथलाच. ही बेटं कुणाला ठाऊक नव्हती तेव्हापासून तो वाहत आपल्या बाजूच्या किनाऱ्यांना लागायचा आणि लोकांना वाटायचं की तो समुद्राच्या तळाशी उगवतो. फकिरांच्या हातातले कटोरे त्याच्याच करवंटीचे असत. म्हणजे सेशेल्सहून जे आपल्याकडे आलं त्याचा आपण कटोरा केला, आणि आपल्याकडून जो पिक्चर सेशेल्सला गेला त्याच्या वितरकाच्या हाती कटोरा आला.)

महेश भट्टांना प्रेमाचा विनोदी पिक्चर जमत नव्हता असं मुळीच नाही. उलट ज्यांना तो उत्तम जमला अशा थोड्या लोकांत ते होते. १९९१चा 'दिल है के मानता नहीं' घ्या. बापाचं घर सोडून पळालेली मुलगी आणि वाटेत भेटलेला बडबड्या पत्रकार. दणदणीत चालला. १९९३चा 'हम हैं राही प्यार के' घ्या. पुन्हा बापाने ठरवलेलं लग्न चुकवून पळालेली मुलगी. तोही दणदणीत. दोन्हींत सूत्र एकच: मुलगी बापापासून पळते. 'पापा कहते है'मध्ये भट्टसाहेबांनी गाडी रिव्हर्स घातली. मुलगी बापाकडे पळायला लागली.

आता हे प्रेक्षकाच्या जागी बसून बघा. मुलगी बापापासून पळत असेल तर तिला वाटेत कुणीतरी भेटावं असं सगळ्या थिएटरला वाटतं, अगदी बाल्कनीतल्या बापांनासुद्धा. पण मुलगी बापाला शोधत असेल तर मधे आलेला नायक हा खोळंबा असतो. तिने आधी वडिलांना भेटावं, दोन शब्द बोलावेत, जेवावं आणि मग काय ते प्रेम वगैरे करावं, असं आपल्याला वाटत राहतं. आपल्याकडे कुणाचे वडील हरवले असताना शेजारचा मुलगा शीळ घालत फिरायला लागला, तर त्याचं कौतुक होत नाही.

शिवाय ते साल बघा. 'दिलवाले दुल्हनिया' आदल्या दिवाळीपासून जागा अडवून बसलेला. त्या पिक्चरने तर बापाच्या परवानगीशिवाय पळायचंच नाही असा नवा कायदा आणलेला. त्याच वर्षी दिल्लीत तेरा दिवसांचं सरकार आलं आणि गेलं. जनता कुणालाच फार दिवस बसू देण्याच्या मनःस्थितीत नव्हती. 'पापा कहते है' पडला. गाणं मात्र उभंच राहिलं, पिक्चरचा टेकू काढून घेतल्यावर जरा जास्तच ताठ.

पिक्चर पडतो आणि गाणं चालतं तेव्हा पैशाचं काय होतं, हे त्या धंद्यातली माणसं फार चवीने सांगतात. निर्मात्याने गाण्यांचे हक्क आधीच कॅसेट कंपनीला विकलेले असायचे. गाणं डोक्यावर घेतलं गेलं की कंपनीचं उखळ पांढरं. वितरकाने टेरिटरीचे पैसे मोजलेले असायचे. पिक्चर आपटला की त्याचं तोंड काळं. वितरक वैतागून विचारायचा, "पब्लिक गेली कुठे?" पब्लिक थिएटरच्या बाहेरच्या टपरीवर तेच गाणं ऐकत उभी असायची. आणि गीतकार, संगीतकार? त्यांना काय ते ठरलेलं मानधन मिळायचं आणि पुढे गाणं कितीही वाजो, त्यांच्या दारात काही यायचं नाही. ही एक गोष्ट मात्र बदलली. जावेद अख्तर पुढे राज्यसभेत गेले, त्यांनी हा विषय हिरिरीने लावून धरला आणि २०१२ साली कॉपीराइटचा कायदा दुरुस्त झाला. संसदेत गाण्यावर बोलताना जो माणूस एवढा तळमळून बोलतो, त्याने आपली किती गाणी पडलेल्या पिक्चरांच्या ढिगाऱ्याखालून जिवंत बाहेर येताना पाहिली असतील!

आपल्या दृष्टीने या पिक्चरचा खरा मानबिंदू म्हणजे नायिका. मयूरी कांगो ही औरंगाबादची मुलगी. तेव्हाचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. वडील कॉम्रेड भालचंद्र कांगो, भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे नेते. ज्या मुलीचे वडील मोर्चाच्या पुढच्याच रांगेत दिसतात, तिला पडद्यावर वडील शोधत सेशेल्सला जावं लागलं. 'पापा कहते है'च्या आधी तिने सईद मिर्झांच्या 'नसीम'मध्ये काम केलं होतं. त्यात तिच्या आजोबांच्या भूमिकेत साक्षात कैफी आझमी होते. आणि लगेच पुढच्या पिक्चरची गाणी लिहिली कैफींच्या जावयाने, म्हणजे जावेद अख्तरांनी. एवढा साहित्यिक गोतावळा तर 'अभिजात' म्हणवणाऱ्या पिक्चरांच्याही वाट्याला येत नाही.

पण मराठी घरांमध्ये या सगळ्याची चर्चा झाली नाही. चर्चा झाली ती वेगळ्याच गोष्टीची. या मुलीला आयआयटी कानपूरला प्रवेश मिळाला होता आणि तो तिने सिनेमासाठी सोडला. हे वाक्य त्या काळच्या मराठवाड्यात कुठल्या आवाजात उच्चारलं जायचं हे ज्यांनी ऐकलंय त्यांनाच कळेल. "सोडला?" "सोडला." "आयआयटी?" "कानपूर." यानंतर ऐकणारा खुर्चीत बसायचा, बसलेला असेल तर उठायचा. ज्या घरांत कुणाचा पॉलिटेक्निकलाही नंबर लागलेला नव्हता तिथेसुद्धा आठवडाभर सुतकी वातावरण होतं. पोरांना सांगायची सोय झाली होती: पाहिलंस, आयआयटी सोडली आणि पिक्चर पडला! भौतिकशास्त्राच्या क्लासमध्ये तर ही बोधकथा न्यूटनच्या सफरचंदाच्या जोडीने सांगितली जायची. पडणं हा दोन्हींतला समान धागा.

पुढची गोष्ट सांगायला मात्र ते मास्तर आता शोधावे लागतील. मयूरी कांगोने काही वर्षांनी सिनेमा सोडला, न्यूयॉर्कला जाऊन एमबीए केलं, जाहिरातीच्या डिजिटल दुनियेत नाव काढलं आणि २०१९ साली गूगल इंडियात मोठ्या हुद्द्यावर रुजू झाली. ज्या मुलीने पिक्चरभर एका माणसाचा शोध घेतला, तिला जगातली सगळ्यात मोठी शोधयंत्रणा चालवणाऱ्यांनी बोलावून घेतलं. अनुभवाचं चीज होतं ते असं.

नायकाचीही कथा कमी नाही. जुगल हंसराज म्हणजे १९८३च्या 'मासूम'मधला तो मोठ्या डोळ्यांचा मुलगा. शेखर कपूरच्या त्या पिक्चरमध्ये तोच वडिलांच्या दारात येऊन उभा राहतो आणि सगळं थिएटर रडतं. म्हणजे तेरा वर्षांनी ज्या नायिकेला तो भेटला, तिच्या प्रश्नाचा त्याला लहानपणापासूनचा अनुभव होता. खरं तर त्याने तिला बाजूला घेऊन समजावून सांगायला हवं होतं की वडील सापडतात, नंतरच फार कटकटी होतात. पण त्याला गाणं म्हणायचं होतं. आणि त्याने ते म्हटलं इतकं गोड, की आज त्याचं नाव काढलं तर लोकांना पहिल्यांदा डोळे आठवतात, दुसऱ्यांदा हे गाणं, तिसऱ्यांदा 'मोहब्बतें' आणि मग लोक विषय बदलतात.

तरी त्याच्या खात्यात आणखी एक गोष्ट आहे. 'कुछ कुछ होता है'च्या शीर्षकगीताच्या चालीचा सुरुवातीचा तुकडा जुगलला सुचलेला. मित्राच्या पिक्चरसाठी त्याने तो देऊन टाकला, आणि तो पिक्चर नि ते गाणं दोन्ही तुफान चालले. स्वतःचं गाणं चालावं तर पिक्चर पडावा, आणि दुसऱ्याच्या पिक्चरला चाल द्यावी तर सगळंच चालावं! नंतर त्याने 'रोडसाइड रोमिओ' नावाचा कुत्र्यांचा कार्टूनपट दिग्दर्शित केला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुरस्कार सगळ्यांच्या लक्षात नाही, गाणं सगळ्यांच्या लक्षात आहे. 

पडलेल्या पिक्चरची चाललेली गाणी ही हिंदी सिनेमातली एक स्वतंत्र जमातच आहे. त्याच १९९६ साली भन्साळींचा 'खामोशी' आला. गोव्याची घरं, समुद्र, पियानो, गाणी एकाहून एक, आणि थिएटरात शुकशुकाट. दोन वर्षांनी 'दिल से'. चालत्या आगगाडीच्या टपावरचं गाणं जगभर गेलं, पिक्चर मात्र आपल्या स्टेशनांवरच अडकला. अशा गाण्यांना खरा आधार विविध भारतीचा. तिथे निवेदक आजही पिक्चरचं पूर्ण नाव, गायक, गीतकार, संगीतकार असं सगळं गोत्र उच्चारून मगच गाणं लावतो. झुमरी तलैयाहून फर्माइश करणारी मंडळी तर पिक्चर चालला की पडला याची चौकशीही करायची नाहीत. मला नेहमी वाटतं, निर्मात्यांनी वितरकांऐवजी झुमरी तलैयावाल्यांना ट्रायल शो दाखवायला हवे होते. ते गाण्यापुरते बसले असते, उरलेल्या वेळात पोस्टकार्डं लिहिली असती, आणि निर्मात्याला निदान खोटं समाधान मिळालं नसतं.

मराठी समीक्षकांचीही अशा पिक्चरांच्या वेळी एक ठरलेली रीत होती. कथेला झोडायचं, पटकथेला झोडायचं, नायकाला 'होतकरू' म्हणून सोडून द्यायचं आणि शेवटच्या ओळीत लिहायचं, 'गाणी श्रवणीय'. मुलगी बघून आल्यावर नकार कळवताना पोहे छान झाले होते असं आवर्जून म्हणतात, त्यातलाच प्रकार. पण इथे पोहे खरोखरच इतके छान झाले होते, की पाहुणे पुढची पंचवीस-तीस वर्षं पोह्यांविषयीच बोलत राहिले.

२०१८ साली अरमान मलिकने हे गाणं नव्याने गायलं, त्याच्या भावाने, अमालने, त्याची नवी मांडणी केली. तेही खूप ऐकलं गेलं. नव्या पिढीचा तर पिक्चरशी उरलासुरला संबंधही संपला. त्यांना वडील नाहीत, आजोबा नाहीत, सेशेल्स नाही. फोनवर गाणं आहे आणि बास. आमच्या पिढीला या नव्या गाण्याचा राग आला. मूळ कलाकृतीची मोडतोड केली म्हणून आम्ही तावातावाने बोललो. मूळ कलाकृती पाहिली होती का, असं सुदैवाने कुणी विचारलं नाही.

तर, पाहिलेला माणूस. आमच्या ओळखीच्या सगळ्या परिघात असा एकच सापडला, बँकेतून निवृत्त झालेले एक काका. ते हे वयाला शोभेल अशा नम्रतेने सांगतात, पण सांगतात सगळ्यांना. त्या दिवशी ऑफिसातले चौघेजण निघाले होते दुसऱ्याच पिक्चरला. तो हाउसफुल, ब्लॅकवाल्याचा भाव परवडेना, म्हणून शेजारच्या थिएटरात शिरले. तिथे ब्लॅकवालाच नव्हता, तेव्हाच आपल्याला कळायला हवं होतं, असं ते म्हणतात. पंखे धीमे होते. पुढच्या रांगेत एक जोडपं होतं, त्यांना पिक्चरशी काही देणंघेणं नव्हतं. गाणं लागलं तेव्हा मात्र थिएटरमधली जी काय पंधरावीस डोकी होती ती एकसुरात गायली, डोअरकीपरसकट.

"बरं काका, मग ते वडील सापडले का शेवटी?" मी विचारलं.

काकांनी थोडा विचार केला. "काय आहे ना, गाणं झालं तसे आम्ही उठलो. बाहेर आलो तर पानवाल्याकडे पुन्हा तेच लागलेलं. मग तिथेच उभं राहून पूर्ण ऐकलं. तिथे वाराही बरा होता."

"पण वडील?"

"ते बहुतेक पुढच्या भागात असतील," काका म्हणाले, आणि जर्द्याची डबी उघडली.